लोणारचा दैत्य आणि जोतीरावांची अर्पणपत्रिका

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराशी जोडलेली कथा वऱ्हाडात सर्वश्रुत आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून राही; विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्याच्या बहिणींना मोहविले, त्यांच्याकडून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला आणि त्याचा वध केला. दैत्याचे ते विवर म्हणजेच आजचे खारे सरोवर. विज्ञान या विवराचे कारण अशनिपातात शोधते. आम्हांस येथे विचारावयाचे आहे ते इतकेच, की ही कथा कोणाच्या मुखातून आली? दैत्याची बाजू तीत कोठेच नाही.

हाच प्रश्न जोतीराव फुल्यांनी अवतारकथांना विचारला. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून पुराणातले दैत्य या भूमीचे मूळ धनी म्हणून उभे राहतात आणि बळीराजा न्यायी राजा ठरतो. हा ग्रंथ जोतीरावांनी अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या निःस्वार्थ त्यागाचा गौरव करून, आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. अमेरिकेत गुलामी घटनेने रद्द होऊन तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती.

आपल्याकडेही गुलामी होती. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी सापडतात. तेथे त्या केवळ मालमत्ता म्हणून येतात. १८४३ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात गुलामीची न्यायालयीन मान्यता संपली. लोणार त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. त्या कायद्याचा दिवस आपण पाळत नाही. ‘सत्तेची बटीक’ हा शब्दप्रयोग मात्र सहज करतो.

जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेत कृतज्ञता आहे ती मुक्तिदात्यांविषयी. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढलेले सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक तीत दिसत नाहीत. पुढच्या पिढ्यांनी ही उणीव भरून काढली. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले ते कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना. संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत त्यांनी मागितली होती. १९७२ साली मुंबईतील तरुण लेखकांनी ‘दलित पँथर’ स्थापन केली, ती अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’चे नाव घेऊन. उपकारकर्त्यांच्या गौरवापासून समदुःखितांच्या संवादापर्यंत झालेला हा प्रवास मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य तपासावा.

टेक्ससमधील गुलामांना मुक्तीची वार्ता १९ जून १८६५ रोजी मिळाली. तेथील कृष्णवर्णीयांनी जपलेला तो दिवस २०२१ साली अमेरिकेची राष्ट्रीय सुट्टी झाला. गुलामी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीत मात्र गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद आजही कायम आहे. आपल्याकडे अस्पृश्यता १९५० च्या संविधानाने नष्ट केली, तरी गटारात उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो, हे सांगावे लागत नाही.

म्हणून मुक्तीचे स्मरण करताना मुक्तिदात्याचे नाव घेऊन थांबता येत नाही. जो मुक्त झाला, त्याने काय सांगितले, हे वाचल्यावाचून ते स्मरण पुरे होत नाही. लोणारच्या काठी लवणासुराची बाजू अजून कोणीतरी लिहावयाची आहे.