उतरणे सोपे, वर येणे अवघड

हर्णे बंदराच्या वाळूवर उभे राहिले की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ साली कमोडोर जेम्सच्या तोफांपुढे तो आंग्र्यांच्या हातून गेला. त्या तटाखालच्या पाण्यात काय दडले असेल, असा प्रश्न आम्हां इतिहासप्रेमींच्या मनात येतोच. परंतु, श्रोतेहो, समुद्राच्या तळाशी इतिहास शोधू जाणाऱ्याला दुसरा एक इतिहास आधी शिकावा लागतो. तो आपल्याच शरीराचा आहे.

दर दहा मीटरला, म्हणजे सुमारे साडेपाच वावांना, पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. तीस मीटरांवर एकूण दाब चौपट होतो आणि पाठीवरच्या टाकीतली हवाही त्याच दाबाने श्वासात येते. दाब वाढला की वायू द्रवात अधिक विरघळतो, हे हेन्रीने १८०३ साली दाखविले. हवेतला प्राणवायू शरीर खर्च करते. नायट्रोजनचा त्याला उपयोग नाही. तो रक्तात झटकन भरतो, चरबीत सावकाश मुरतो, आणि निघतोही तितक्याच सावकाश. सोड्याच्या बाटलीची गोटी दाबताच फेस उसळतो ना? एकदम वर येणाऱ्याच्या अंगात तेच घडते.

हे ज्ञान फुकट मिळालेले नाही. एकोणिसाव्या शतकात मोठ्या पुलांचे पाये दाबलेल्या हवेत खणणारे मजूर बाहेर येताच सांधे धरून कळवळत; काही पंगू झाले, काही दगावले. हा बुडबुड्यांचा प्रताप आहे, हे १८७८ साली फ्रान्सच्या पॉल बेरने सिद्ध केले. १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेनने शेळ्यांवरील प्रयोगांतून उपाय दिला: टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर या. त्याने आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याच्या पोशाखात समुद्रात उतरविले होते. तोच जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात आला, पुढे आपला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

आज मालवण-तारकर्लीला आमची कोकणी मुले पर्यटकांना बुडी घडवितात. मिनिटाला नऊ-दहा मीटरांहून वेगाने वर यायचे नाही, पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबायचे, हा त्यांचा नित्याचा पाठ. गिऱ्हाईक खोळंबले म्हणून ती तीन मिनिटे वाचवायला त्यांना कोणी सांगू नये. त्या मजुरांनी त्यांचे मोल आधीच चुकते केले आहे.