काचेचं तारण

परदेशी जाणाऱ्या माणसाने घरच्या वजनकाट्यावर विश्वास ठेवू नये. आमचा काटा बावीस किलो म्हणाला आणि विमानतळावरचा सव्वीस. मधले चार किलो नाशिक ते मुंबई या प्रवासात बॅगेत कुठून शिरले, याचा ताळा मला बी.कॉम. असूनही लागला नाही.

मागच्या वर्षी मेव्हण्याने लंडनची तिकिटं पाठवली. सौ.ने भावासाठी थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि एक गोधडी घेतली. मी घेतला कॅमेरा. कॅमेरा म्हणजे तुमच्या खिशात फोनमध्ये असतो तो नव्हे. वडिलांचा याशिका, एकावर एक दोन भिंगं, आणि वरून मान घालून आत बघायचं, त्यामुळे फोटो काढणारा समोरच्याला नमस्कार करतोय असंच वाटतं. शिवाय त्याची चामड्याची पेटी, उजेड मोजायचं यंत्र, फ्लॅश आणि साडेतीन किलोचा लोखंडी स्टँड. आमच्या वाड्यात एकदा चोर शिरला तेव्हा वडिलांनी हाच स्टँड उचलला होता. चोर नुसता बघून गेला.

"अहो, भाजणी की स्टँड?" हिने काउंटरसमोरच, बॅग उघडी टाकून, मागच्या चाळीस माणसांदेखत विचारलं. संसारात काही प्रश्न उत्तरासाठी नसतात. पोचवायला आलेल्या धाकट्या भावाबरोबर स्टँड नाशिकला परत गेला.

पुढे तपासणी. फिल्मचा रोल यंत्रातून गेला तर खराब होतो, म्हणून मी तो हातात धरून विनवण्या करत होतो. तिथला तरुण जवान कॅमेरा उलटासुलटा करून म्हणाला, "इसका स्क्रीन किधर है?" मी म्हणालो, "धुलाई के बाद आयेगा." त्यानंतर माझी फार सावकाश तपासणी झाली. असो.

रोल बारा फोटोंचा. म्हणजे प्रत्येक फोटो खात्यावर पैसे आहेत का हे बघून काढायचा. त्यातला एक मी एक्झिबिशन रोडवर खर्च केला. नॅचरल हिस्टरी म्युझियम बघून आम्ही बागेच्या दिशेने चाललो होतो, तर कोपऱ्यावरच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या भिंतीत, कोनाड्यात मारुती असावा तसा एक पुतळा दिसला. अंगभर थंडीचे कपडे, कानटोपी. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, हा शॅकल्टन. ह्याच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो ह्याच बिल्डिंगमध्ये आहेत. काचेवरचे."

त्या फोटोग्राफरचं नाव फ्रँक हर्ली. परत आल्यावर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं, आणि तीन किलोंवरून हळहळणाऱ्या मला माझीच लाज वाटली.

हा हर्ली ऑस्ट्रेलियाचा. जन्म 1885. शॅकल्टनची टोळी दक्षिण ध्रुवाचं खंड पायी ओलांडायला निघाली, तेव्हा हा गडी ब्यूनोस आयर्सला 'एन्ड्युअरन्स' जहाजावर चढला. तारीख 26 ऑक्टोबर 1914 च्या आतबाहेर, कारण त्या दिवशी जहाज सुटलं. बरोबर सिनेमाचा कॅमेरा, काचेच्या प्लेटांचे कॅमेरे, पेट्याच्या पेट्या कोऱ्या काचा आणि धुण्याची रसायनं. तेव्हा चांगला फोटो म्हणजे काच. काचेवर औषधाचा थर द्यायचा, एका काचेवर एक फोटो. दहा फोटो म्हणजे दहा काचा. हे सगळं घेऊन तो डोंगर चढे, जहाजाच्या डोलकाठीवर चढे.

आता तुम्ही म्हणाल, एवढी हौस कशाला? हौस नव्हतीच. इथे आमचं खातं सुरू होतं. शॅकल्टनकडे मोहिमेला पैसे नव्हते. त्याने 1914 मध्येच सिनेमासाठी एक कंपनी काढली आणि अजून न काढलेल्या फिल्मच्या हक्कांवर पैसे उभे केले. म्हणजे न पेरलेल्या उसावर पीककर्ज! आमच्या शाखेत असा अर्ज आला असता तर साहेबांनी चहा पाजून परत पाठवला असता. तेव्हा हर्लीच्या त्या काचा म्हणजे फोटो नव्हते हो, तारण होतं. नजरगहाण माल. (आपले दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला गेले तेसुद्धा विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि छपाईचं यंत्र घेऊन आले. सिनेमा आणि कर्ज यांचं लग्न असं पहिल्यापासून लागलेलं आहे.)

जानेवारी 1915 मध्ये वेडेल समुद्रात जहाज बर्फात रुतलं, ते निघालंच नाही. ऑगस्टमधल्या एका रात्री हर्लीने सुमारे वीस फ्लॅश आजूबाजूच्या बर्फात मांडून एकामागून एक उडवले आणि काळोखात पांढऱ्या भुतासारख्या उभ्या जहाजाचा फोटो घेतला. त्या लखलखाटाने त्याचेच डोळे दिपले, वाट चुकली, बर्फाच्या ढिगांवर आपटला. फोटो मात्र असा, की पाहताना आपल्याला हुडहुडी भरावी.

27 ऑक्टोबर 1915 ला बर्फाने चेपलेलं जहाज सोडावं लागलं. अठ्ठावीस माणसं बर्फावर. आता चालायचं, होड्या ओढायच्या. शॅकल्टनने हुकूम काढला: प्रत्येकाने जवळ दोन पौंड सामान ठेवायचं. म्हणजे नऊशे ग्रॅम. हिची भाजणीच सव्वा किलो होती! त्याने आधी स्वतःची सोन्याची नाणी बर्फात टाकली, मग कोणाला बोलायला जागाच राहिली नाही. सूट मिळाली फक्त एका बँजोला. बारा पौंडांचं ते वाद्य. पण माणसांची मनं शाबूत राहायला गाणं हवं, असं शॅकल्टनचं मत पडलं. वरिष्ठांचे काही निर्णय नियमाबाहेरचे असतात आणि तेच बरोबर असतात.

हर्लीच्या काचा मात्र अजून बुडत्या जहाजात. पत्र्याच्या डब्यांत झाळून बंद केलेल्या. हा बाबा कमरेपर्यंत उघडा होऊन त्या बर्फाळ रबरबाटात उतरला आणि डबे चाचपडून वर काढले. त्यात सगळ्या मिळून पाचशेवर काचा.

आणि मग 9 नोव्हेंबरचा दिवस. शॅकल्टन आणि हर्ली बर्फावर बसले. एकेक काच वर धरून बघायची. ठेवायची का टाकायची ते ठरवायचं. कर्जदार स्वतः तारणाची छाननी करायला बसलाय, असं दृश्य बँकिंगच्या इतिहासात दुसरं नसावं. सुमारे 120 काचा ठेवल्या. सुमारे 400 फोडल्या. नुसत्या टाकल्या नाहीत, फोडल्या. कारण टाकलेलं परत उचलावंसं वाटतं. पूर्वी रद्द नोटांना भोकं पाडायचे ती याच कारणाने, माणसाचा हात पुन्हा तिकडे वळू नये म्हणून. पण आमच्या नोटा दुसऱ्याच्या असतात. त्याच्या प्रत्येक काचेमागे गोठलेली बोटं होती. मोठे कॅमेरेही टाकले. जवळ उरला खिशात मावणारा छोटा कोडॅक आणि तीन रोल.

निवडलेल्या काचा पुन्हा झाळून बंद झाल्या. 21 नोव्हेंबरला जहाज बुडालं. एप्रिल 1916 मध्ये बर्फ फुटल्यावर होड्या समुद्रात लोटल्या. त्यात माणसं जेमतेम बसत होती, तरी डबे होते. एलिफंट बेटावर पोचल्यावर शॅकल्टन पाच जणांना घेऊन एका होडीतून मदत आणायला निघाला. निघण्यापूर्वी त्याने हर्लीच्या डायरीत सही करून लिहून दिलं, की मी परत आलो नाही तर सगळ्या फिल्मची आणि फोटोंची जबाबदारी हर्लीकडे. समोर आठशे मैलांचा समुद्र, आणि गृहस्थ नॉमिनेशन करतोय! आमचे खातेदार पंख्याखाली बसूनसुद्धा तो रकाना कोरा ठेवतात.

शॅकल्टन परत आला. 30 ऑगस्ट 1916 ला चिलीच्या 'येल्चो' बोटीने बेटावरचे बावीसही जण सुटले. पण सुटकेचा म्हणून हर्लीने जो फोटो पुढे मिरवला, तो मुळात शॅकल्टनची होडी निघाली त्या दिवशीचा, थोडी खाडाखोड केलेला. व्हाउचर एक, नोंद दुसरी. मी असतो तर शेरा मारला असता.

वसुली चुकली नाही. लोकांना प्राणी बघायला आवडतात म्हणून 1917 मध्ये हर्ली पुन्हा साउथ जॉर्जियाला जाऊन पेंग्विन आणि सील टिपून आला. 'साउथ' नावाचा सिनेमा 1919 मध्ये आला. शॅकल्टन लंडनच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये रोज दोन वेळा पडद्यासमोर उभं राहून आपलीच फजिती सांगायचा, कर्ज फेडायला. 1922 मध्ये तो गेला. त्यानंतर शंभर वर्षांनी, मार्च 2022 मध्ये, जहाज तीन हजार मीटर खोल सापडलं. मागच्या बाजूला नाव स्वच्छ वाचता येतं.

मला राहून राहून आठवतो तो नऊ नोव्हेंबर. दोघांनी बसून, प्रत्येक काच उजेडात धरून पाहिली होती.

आमचा वाडा पाडायचा ठरला तेव्हा वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी हा कॅमेरा प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन आणला होता. माळ्यावर त्यांच्या निगेटिव्हचे दोन डबे निघाले. बिल्डरची मुदत, टेम्पो दारात, माझी रजा संपलेली. भंगारवाल्याने आतलं सगळं पायरीवर ओतलं आणि पत्र्याचे डबे तेवढे वजन करून घेतले. मी एकही निगेटिव्ह वर धरून पाहिली नाही.

लंडनमध्ये अकरा फोटो झाले. बारावा शिल्लक ठेवून आलो. घरी आल्यावर स्टँड उभा केला आणि आईला खिडकीत बसवलं. कॅमेऱ्याकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "हा ह्यांचाच ना रे?"

"हो."

"मग थांब, पदर नीट घेते. ते ओरडायचे."

रोल धुवायला मुंबईला पाठवलाय. तीन आठवडे लागतील म्हणाले.