सर्वांत विषारी साप कोणता? सर्पदंशात खरे महत्त्व कशाला?

गणपतीला किंवा मे महिन्यात गिरगाव-लालबागची कुटुंबे कोकणात गावी गेली की हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यातून होणारा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

विषाची तीव्रता कशी मोजतात?

प्रयोगशाळेत उंदरांना विष देऊन निम्मे उंदीर दगावण्यास किती मात्रा लागते ते पाहतात. यास ‘एलडी-५०’ म्हणतात. हा आकडा जितका कमी, तितके विष तीव्र. या मोजणीत ऑस्ट्रेलियातील इनलँड तायपान पहिला येतो, पण तो निर्जन भागात राहतो आणि माणसाला क्वचितच चावतो. भारतात मात्र २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप

• मण्यार: चौघांत सर्वांत तीव्र विष. रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटदुखी, उलटी, पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे दिसतात. ती पित्ताची समजू नका.
• नाग: दंशाच्या जागी सूज व वेदना. पुढे श्वासाचे स्नायू निकामी होऊ शकतात.
• घोणस: एका दंशात भरपूर विष सोडते. रक्त गोठत नाही, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.
• फुरसे: आकाराने लहान, कोकणात बरेच आढळते. हिरड्या, लघवी यांतून रक्तस्राव होतो.

लस चौघांवर एकच

परळच्या हाफकिनमुळे मुंबईकरांना परिचित असलेली ही लस घोड्यांच्या रक्तापासून बनते. १० मिलीची एक कुपी नाग किंवा घोणशीचे ६ मिलिग्रॅम, तर मण्यार किंवा फुरशाचे ४.५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. विषबाधेची लक्षणे असल्यास सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या लागतात. लहान मुलांनाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. म्हणून साप ओळखण्यासाठी त्याला पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नका.

काय करावे?

• रुग्णाला धीर द्या, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या काढा.
• चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा.
• आवळून बांधणे, ब्लेडने कापणे, विष चोखणे, मांत्रिकाकडे नेणे टाळा.
• १०८ वर फोन करा. लस आणि व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय गाठा.
• दंशाची वेळ डॉक्टरांना सांगा. लक्षणे नसली तरी २४ तास देखरेखीखाली राहा.

साप किती विषारी होता यापेक्षा रुग्ण किती लवकर रुग्णालयात पोहोचला, यावर जीव वाचणे जास्त अवलंबून असते. गावी जमिनीवर झोपायचे असेल, तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.