विजयदुर्गावरील ‘साहेबाचे ओटे’ व हेलियमचा शोध

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवितात. १८ ऑगस्ट १८६८ चें खग्रास सूर्यग्रहण नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदांनीं त्यांवरून पाहिलें व हेलियम शोधिला, अशी कथा रूढ असून त्या तारखेस किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. कालनिर्णयाच्या कसोटीस ही कथा उतरत नाहीं, हें नमूद करणें आम्हांस अवश्य वाटतें.

त्या दिवशीं लॉकियर इंग्लंडांतच होते. फ्रेंच पंडित जान्सेन यांनीं तें ग्रहण गुंटूर येथें पाहिलें. लॉकियर यांनीं ग्रहणावांचूनच, २० ऑक्टोबर १८६८ रोजीं, मायदेशीं सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट तपासला.

तप्त वायूचा प्रकाश लोलकांतून पाहिला असतां ठराविक जागीं तेजस्वी रेषा दिसतात, व प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या असतात. वळणावरून लेखनिकाचा हात ओळखावा तसाच हा प्रकार. बुन्सेन व किर्खोफ यांनीं १८५९-६० मध्यें ही रीति रसायनशास्त्रास दिली. मिठांतील सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९० व ५८९६ अँगस्ट्रॉमवर पडतात. सूर्यज्वालांतील पिवळी रेषा ५८७६ वर. एवढ्याशा अंतरांत नवें मूलद्रव्य दडलें होतें.

१८६८ च्या ग्रहणाशीं मराठी संस्थानाचा संबंध आहे, पण तो पटवर्धनांच्या जमखिंडीचा. तेथें लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनीं ढगांच्या फटींतून तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन रेषा पाहिल्या, आणि नारिंगी ती सोडियमची मानली. कांहीं क्षणांत केलेल्या त्या वाचनास दोष देववत नाहीं. एका काना-मात्रेनें पाठ कसा फिरतो हें पोथ्या चाळणारांस सांगावयास नको! लॉकियर यांस सूर्य नित्य उपलब्ध होता. त्यांनीं मापें घेऊन ती रेषा निराळी ठरविली. पुढें १८९५ मध्यें रॅम्से यांनीं क्लेव्हाइट खनिजांतून तोच वायु पृथ्वीवर मिळविला.

मग ओटे कोणते? २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणास लॉकियर खरोखरच विजयदुर्गास आले होते. ‘मेल्पोमीनी’ युद्धनौकेवरील मंडळी त्यांच्या साह्यास होती. त्याच ग्रहणासाठीं पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊर येथें गेले होते. सबब ओट्यांचें साल १८९८ धरणेंच युक्त. दोन ग्रहणें जनस्मृतींत एक झालीं, इतकेंच.

जमखिंडकडील दप्तरें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं शके १७९० श्रावण अमावास्येच्या सुमाराचे कागद अवश्य पाहावे. साहेबाच्या तंबूस, बैलांस वा शिध्यास झालेला खर्च कोठें तरी टिपलेला असावयाचा.