अठरा की बावीस?

कुवेतमध्ये नवीन आला असाल तर हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी ऐकू येईल. अठरा म्हणजे खासगी नोकरीवरचा इकामा, बावीस म्हणजे कुटुंबीय म्हणून मिळालेला, वीस घरकामगारांचा. हे आकडे परदेशी माणसांच्या निवासाच्या नियमावलीतल्या कलमांचे. माणसाची ओळख कलमाने कधीपासून व्हायला लागली, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

1899 च्या जानेवारीत शेख मुबारक यांनी ब्रिटिशांशी करार केला: त्यांच्या संमतीशिवाय परक्या सत्तेचा प्रतिनिधी ठेवायचा नाही, जमीन द्यायची नाही. 1904 मध्ये कुवेतला पोलिटिकल एजंट आला. तो बुशहरच्या रेसिडेंटच्या हाताखाली आणि रेसिडेंट हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली. कुवेतची सूत्रं अशी 1947 पर्यंत आपल्याच बाजूने हलत होती. 1923 पासून टपालावर 'कुवेत' अशी अक्षरं छापलेली हिंदुस्थानची तिकिटं लागत. कुवेतचे मोती मुंबईत विकले जात, मलबारचं सागवान तिथल्या गलबतांसाठी जाई, आणि बाजारात रुपया चाले, तोही 1961 पर्यंत. (म्हणून त्या काळाला 'आपलंच राज्य' म्हणू नका. दार आपल्याकडचं दिसलं, तरी किल्ली साहेबाच्या खिशात होती.)

1946 मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली आणि माणसांचा लोंढा आला. 1957 च्या पहिल्या जनगणनेत जवळजवळ निम्मे रहिवासी बाहेरचे निघाले. आपल्याच घरात आपण थोडे होऊ, ही भीती कुवेतींना वाटली असेल तर नवल नाही. 1959 मध्ये लागोपाठ दोन कायदे आले: 15 क्रमांकाचा नागरिकत्वाचा आणि 17 क्रमांकाचा परदेशी माणसांच्या निवासाचा. कुवेती कोण आणि पाहुणा कोण, ही रेघ स्वातंत्र्याच्या, म्हणजे 19 जून 1961 च्या, आधीच ओढली गेली होती. पाहुण्याला कफील हवा, आणि इकामा त्या कफीलच्या नावाला बांधलेला. त्यामुळे आजही अठराची नोकरी गेली की घरातल्या बावीसचा मुक्कामही हलतो. कुवेतमध्येच जन्मलेल्या मुलांचासुद्धा.

हे बांधलेपण सगळ्यात उघडं पडलं ते 2 ऑगस्ट 1990 नंतर. इराकने कुवेत गिळलं आणि ज्या राज्याचा शिक्का पासपोर्टवर होता ते राज्यच नकाशावरून पुसल्याचं जाहीर केलं. कितीतरी कामगारांचे पासपोर्ट तर मालकाच्या कपाटात होते आणि मालक देशाबाहेर. वाळवंटातून अम्मान गाठून एक लाखाहून जास्त भारतीय विमानाने परतले, त्यातले पुष्कळ मुंबईला उतरले.

अलीकडचं तुम्हाला ठाऊकच असेल. 2022 मध्ये कुटुंबाचे व्हिसा थांबले. 2024 च्या सुरुवातीला खुले झाले तेव्हा बायकामुलांना कायमचं आणण्यासाठी अट होती दरमहा 800 दिनार पगाराची. ड्रायव्हर, फोरमन, नर्स अशा कितीजणांना ती परवडणार? आईवडिलांनी महिनाभर येऊन नातवंडं पाहावीत, एवढ्यासाठीही पगाराची पायरी होतीच.

जानेवारी 2025 पासून 1959 चा कायदा जाऊन 114 क्रमांकाचा नवा कायदा लागू झाला. आणि 1 जुलै 2025 पासून अठरावाल्याला देश सोडतानाही मालकाची मंजुरी लागते. गणपतीला घरी जायचं असेल, तर तिकिटाआधी ती मागा.