मांजराचे जुने खाते

माणसाने बाग केली की मांजर येते. हा निसर्गनियम वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडत नाही, यावरून ती पुस्तके लिहिणाऱ्यांना स्वतःची बाग नसावी असे वाटते. हिंजवडीतल्या रो-हाऊससमोरच्या दहा बाय बाराच्या तुकड्यात ज्याने एकदा तरी कोथिंबीर पेरली आहे, त्याला मात्र हा नियम तोंडपाठ असतो. धणे रगडायचे, माती भुसभुशीत करायची, वाफा हाताने सपाट करायचा, झारीने हलके पाणी शिंपडायचे आणि चहा घ्यायला आत जायचे. चहा संपवून बाहेर यावे तो वाफ्याचे उद्घाटन झालेले असते. उद्घाटक कुंपणावर बसून मिशा पुसत असतो आणि आपल्याकडे असा बघतो की, सोय छान केलीत, फक्त पाणी जरा जास्त झालं.

मांजरांच्या बंदोबस्ताबाबत आमच्या गल्लीत एकमत नाही. तज्ज्ञ मात्र घरटी एक आहे. शेजारचे निवृत्त काका निळीच्या पाण्याच्या बाटल्या फाटकाला टांगतात. हा उपाय मुळात कुत्र्यांसाठी निघाला. कुत्री त्या बाटल्यांच्या सावलीत झोपतात, मांजरे त्यांना अंग घासतात. समोरच्या वहिनी संत्र्यांच्या साली पसरतात. ज्या महिन्यात संत्री महाग, त्या महिन्यात मांजरांना माफी. कोपऱ्यावरचे एक गृहस्थ डांबराच्या गोळ्या टाका म्हणतात. तो सल्ला कोणी ऐकू नये, कारण त्या गोळ्या मांजरांना विषारी असतात. आणि एक मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान द्यावे लागते अशी आपल्याकडची समजूत आहे. सोन्याचा आजचा भाव पाहता कोथिंबीर बाजारातून आणणे परवडते.

या सगळ्या उपायांमागे एकच गृहीत असते : मांजर हे आगंतुक आहे. आता आम्हा बँकेतल्या माणसांना एक खोड असते. समोरचा कितीही त्रासदायक असो, त्याला दार दाखवण्यापूर्वी त्याचे जुने खाते काढून पाहायचे. तसे मांजराचे खाते काढले, तर पहिल्याच पानावर डोळे विस्फारतात. हे खाते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात उघडले आहे. माणसाने धान्य पेरले, धान्य साठवले, साठ्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. त्याला कोणी पकडून आणले नाही, कोणी दाव्याला बांधले नाही. ते कामावर रुजू झाले, एवढेच. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजराचेही दफन सापडल्याचे २००४ साली जाहीर झाले. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे कोणीतरी त्याला होडीत घालून नेले असले पाहिजे. आगंतुकाला कोणी होडीतून नेत नाही.

हे रानमांजर कोरड्या मुलखातले. मोकळ्या, भुसभुशीत मातीत खड्डा करायचा आणि काम झाले की झाकून टाकायचे, ही त्याची स्वच्छतेची शिस्त. आपण ज्याला वाफा म्हणतो त्याला मांजराच्या भाषेत काय म्हणतात, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

पुढल्या पानांवर जमेच्या नोंदीच नोंदी आहेत. इजिप्तमध्ये बास्तेत देवीला मांजरांच्या ममी वाहत. त्या लक्षावधी निघाल्या, आणि १८९० साली त्यातला सुमारे १९ टन माल लिव्हरपूल बंदरात उतरून चक्क खत म्हणून लिलावात विकला गेला. इंग्लंडातल्या कितीतरी शेतांनी आणि बागांनी मांजरे अशी पोत्याने विकत घेतली आहेत. वेल्समध्ये दहाव्या शतकातल्या राजा हायवेलच्या नावाने चालणाऱ्या कायद्यात तर मांजराचा दरफलक होता : डोळे उघडेपर्यंत पिल्लाची किंमत एक पेनी, पहिला उंदीर मारेपर्यंत दोन, त्यानंतर चार. कामगिरीवर बढती देण्याची ही पद्धत आमच्या खात्यात अजून यायची आहे.

पण खरी बहार आहे ती लंडनच्या मनीऑर्डर ऑफिसात. १८६८ साली तिथले उंदीर कागद कुरतडू लागले. साहेबाने मांजरे नेमण्यासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले. वरिष्ठांनी एक मंजूर केला. त्यावरून ते खरे वरिष्ठ होते हे कळते. तीन मांजरे घ्यावीत, त्यांना उमेदवारीवर ठेवावे, फार खाऊ घालू नये, बाकीचा पगार त्यांनी उंदरांतून वसूल करावा आणि सहा महिन्यांत उंदीर कमी न झाल्यास भत्ता कापावा, असा त्या आदेशाचा आशय. मांजरांनी काम चोख केले. कापण्याची धमकी देऊन सुरू झालेला हा भत्ता पुढे वाढवावा लागला.

हे झाले परमुलखातले. आपल्याकडच्या खात्यातली सर्वांत मोठी नोंद प्लेगच्या सालातली आहे. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग उघडकीस आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात थैमान घालू लागला. सरकारने रँडसाहेबाला नेमले. सोजिरांनी घरात शिरून माणसे बाहेर काढली, सामान रस्त्यावर फेकले, देवघरेही सोडली नाहीत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, आणि चिंचवडच्या चापेकरांच्या घरचे तिघे भाऊ फासावर गेले. आमच्या हिंजवडीहून चिंचवड म्हणजे रिक्षाचे अंतर. त्या वाड्यापाशी गेले की विनोदी लेखकाचीही बोलती बंद होते. माणसांची झडती झाली, पेट्यांची झाली, बायकांची झाली. झडती झाली नाही ती फक्त उंदराची. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोगाने दाखवले ते १८९८ साली, आणि शहाण्यासुरत्यांना ते पटायला आणखी काही वर्षे गेली.

ते पटलेल्यांत आपल्या वऱ्हाडातला एक साहेब होता. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल ब्युकॅनन. त्यांनी खेड्यापाड्यांतली मांजरे मोजली, प्लेगच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि १९०८ साली विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की, जिथे मांजरे भरपूर तिथे प्लेग कमी; तेव्हा लोकहो, मांजरे पाळा. त्याच वर्षी जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही तिथल्या लोकांना हाच सल्ला दिला. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसाला लागू शकतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे साहेबाचा हिशेब सगळाच जुळत नाही. तरीही, वऱ्हाडातल्या घराघरांत 'या, बसा' म्हणत मांजराला बोलवा असे सांगणारा सरकारी माणूस शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि आज आपण त्याच मांजरामागे चप्पल घेऊन धावतो.

मधे झाले काय? मांजर बदलले नाही, आपण बदललो. हिंजवडी मुळशी तालुक्यातले. इथे भात व्हायचा, खळी लागायची, कणग्या भरायच्या आणि कणगीमागे मांजर असायचे. गेल्या शतकाच्या अखेरीस एमआयडीसीने आयटी पार्क उभारला. शेते गेली, खळी गेली, कणग्या गेल्या. तांदूळ आता पाच किलोच्या सीलबंद पिशवीत येतो. आज हिंजवडीत टेबलागणिक एक माऊस आहे. पण त्याला शेपूट असले तरी चव नाही. मांजराच्या दृष्टीने ही निव्वळ फसवणूक आहे. दहा हजार वर्षांची नोकरी, आणि नोटीस नाही, ग्रॅच्युइटी नाही, शाल-श्रीफळसुद्धा नाही.

गावठाणातल्या एक आजी म्हातोबाच्या जत्रेच्या सुमारास लेकीकडे जाताना आमच्या फाटकाशी थांबतात. मांजरांची तक्रार त्यांच्या कानावर घातली, तर त्या हसल्या. म्हणाल्या, ''आवो, मांजर तुमच्यात कुठं येतंय? हितंच आमचं खळं व्हतं. तुमी आलाय त्याच्यात.''

यावर ऑडिटरसुद्धा काही बोलू शकला नसता. आम्ही खरेदीखत केले, सात-बारा पाहिला, बोजा आहे का ते तपासले. हा एक बोजा कुठल्याच उताऱ्यावर चढलेला नव्हता.

म्हणून कोथिंबीर सोडून द्यावी असे नाही. बंदोबस्त करावा, पण जुन्या नोकराचा करतात तसा, चोराचा करतात तसा नव्हे. पेरल्यावर वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी टाकावी; रोपे तिच्यातून वर येतात, पंजे खाली जात नाहीत. कुंड्यांतल्या मातीवर खडे पसरावेत. माती ओलसर ठेवावी, कारण ओल्या मातीत पंजा घालणे मांजराला आवडत नाही. खरकट्याच्या बादलीवर झाकण असावे. गल्लीने वर्गणी काढून मांजरांची नसबंदी करून घ्यावी. निळीच्या बाटल्यांवर आजवर जो खर्च झाला त्यापेक्षा तो कारणी लागेल. आणि कुंपणाच्या कडेला, आडोशाला, एक घमेलेभर कोरडी वाळू टाकून ठेवावी. मांजर मऊ वाफा सोडून त्या वाळूकडे वळते, आपली शिस्त पाळते आणि झाकूनही टाकते.

वाफा आपला, घमेले त्याचे. दहा हजार वर्षांच्या सेवेवर एवढे निवृत्तिवेतन मंजूर करायला कुठल्याही वरिष्ठाची हरकत नसावी.