‘ध’चा ‘मा’ आणि मतदार

१/ ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांची हत्या झाली. पत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले गेले, अशी आख्यायिका आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, ती हत्येनंतर.

२/ १९ नोव्हेंबर २०२४. प्रचार थांबला होता; दुसऱ्या दिवशी नागपूरसह राज्यातील २८८ जागांसाठी मतदान होते. त्या रात्री सुप्रिया सुळे व नाना पटोले यांच्या नावे ध्वनिफिती पसरल्या. दोघांनीही इन्कार केला. सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. तथ्यपडताळणीत बहुतेक फितींतील आवाज कृत्रिम असल्याचे संकेत मिळाले.

३/ दोन्ही प्रसंगी शहानिशेला अवधी उरला नाही. म्हणून मतदानाच्या तोंडावर आलेल्या फितीचा उगम शोधावा, संबंधिताचे म्हणणे ऐकावे, तोवर ती पुढे धाडू नये. रामशास्त्र्यांची चौकशी हत्येनंतर झाली. मतदाराने ती मतदानापूर्वीच करावी.